डोंगर तोडीला द्यावा का? (ऐन-किंजळीचं रान, सरपण आणि ठेकेदार)

सड्यावरची
नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. संगमेश्वर तालुक्यात आमचा वडिलोपार्जित डोंगर आहे, साधारण ११ एकर, सातबाऱ्यावर आठ नावं, त्यातली तीन माणसं वारलेली, दोन मुंबईत आणि एक कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे सगळ्या कोकणात असतं तसंच. रान म्हणजे ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा, असाणा, मधे मधे बेहडा, आणि वरच्या अंगाला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. शेवटची तोड झाली तेव्हा मी सातवीत होते, म्हणजे बघा किती वर्षं झाली ते.

आता शिमग्याला गेले तर लाकडाचा ठेकेदार पडवीत बसलेला. अख्ख्या डोंगराचे ठोक पैसे देतो म्हणे, परवानगी-बिरवानगी सगळं तो बघणार. काकांचं म्हणणं, रान तोडलं तरी परत फुटतं, त्यांच्या आजोबांपासून असंच चाललंय, त्यात पाप काय? चुलतभावाचं म्हणणं, तोडच करायची तर नंतर जेसीबी फिरवून काजू लावू. आणि मी पुण्यात बसून "झाडं तोडू नका" म्हणते तेव्हा काकू म्हणाली, तू पुण्यात गॅसवर पोळ्या करतेस, इथे न्हाणीला पाणी कशावर तापवू? यावर मला उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे विचारतेय. लाकूड जाळणं वाईटच का? की नीट करायची काही रीत आहे?

बंबातलं_पाणी
काकूला माझा साष्टांग नमस्कार कळवा. चुलवणावर तापलेल्या पाण्याचा तो धुरकट वास गीझरला येणे नाही. (विषयाला धरून बोलायला नंतर येतो.)

आयटी_हमाल
तोडू नका. साधं आहे. २०१६ ला उज्ज्वला आली, आता घरोघरी सिलेंडर आहे, मग अजून लाकूड लागतंय कुणाला? सरसकट बंदी घालायला पाहिजे, विषय संपला.

कोयतेवाले_मामा
आयटीसाहेब, विषय असा संपत नाही. मी वीस वर्षं लाकडाच्या गाड्या भरल्यात, मुकादम होतो, आता कंबर गेली म्हणून सोडलं. गावातली बाई सरपणाला जाते ती काय आणते? वाळकी फांदी, पडलेला फाटा, नारळाच्या झावळ्या, काजूची छाटणी. एका मोळीनं डोंगर बोडका होत नाही. डोंगर बोडका होतो तो ट्रकनं. आणि ट्रक गावातल्या चुलीकडे जात नाही, तो जातो वीटभट्टीला, बेकरीला, कारखान्याच्या बॉयलरला. तुम्ही मुंबईत वडापाव खाता ना, त्यातला पाव कशावर भाजला जायचा ते विचारा एकदा. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टानं बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितलं तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं की शहरात अजून इतकं लाकूड जळतंय.

आता ताई तुमच्या काकांबद्दल. ते बोलतायत ते बरोबर आहे पण अर्धंच. रान परत फुटायचं कारण तोडणारा कुऱ्हाडीनं तोडायचा, जाड झाड तोडायचा, बारीक ठेवायचा, कारण बारीक लाकडाला गिऱ्हाईकच नव्हतं. एकदा तोड झाली की पंधरा-वीस वर्षं कोणी बघायचं नाही. आता मनगटाएवढं खोड पण गाडीत जातं, सगळ्याला भाव आहे. आणि सात-आठ वर्षांत परत दारात. मी स्वतः एका डोंगरावर तीन वेळा तोड केली आहे, तिसऱ्या वेळी फुटवा एवढा किडकिडीत होता की मला लाज वाटली. पैसे घेतले ते घेतलेच म्हणा, खोटं कशाला बोलू.

सड्यावरची
मामा, तुमच्यासारखं कोणी बोलेल म्हणूनच धागा काढला होता. म्हणजे तोडीपेक्षा दोन तोडींमधलं अंतर महत्त्वाचं?

देवराईतली
अंतर, आणि खाली मुळं जिवंत आहेत का ते. मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर उडी मारा.

ऐन, किंजळ, जांभूळ, कुंभा ही झाडं खोडापासून तोडली तरी मरत नाहीत. बुंध्यावर आणि मुळांवर झोपलेले डोळे असतात, वरचं झाड गेलं की ते जागे होतात. आणि बीपासून आलेल्या रोपाला आधी मुळं करायची असतात, उन्हाळे काढायचे असतात, पण फुटव्याला जुन्या झाडाची सगळी मुळं आयती मिळतात, म्हणून तो पहिल्या पावसात पुरुषभर वाढतो. याला आपल्याकडे फुटव्याचं रान म्हणतात, युरोपात शेकडो वर्षं सरपण आणि कोळशासाठी अशीच रानं राखत आले.

पण फुटवा चांगला यायचा तर तोड कशी होते ते बघावं लागतं. पानगळ झाल्यावर, पावसाच्या आधी. जमिनीलगत, धारदार हत्यारानं, तिरका काप, म्हणजे पाणी थांबत नाही आणि बुंधा कुजत नाही. साल फाटली, बुंधा चिरला, की फुटवा वरच्या कुजक्या भागातून येतो आणि वाऱ्यानं मोडतो. पहिल्या पावसात एका बुंध्याला दहा-पंधरा काटक्या येतात, लोक खूश होतात, पण त्या सगळ्या ठेवल्या तर एकही धड होत नाही. वर्षभरानं जोमदार दोन-तीन ठेवायच्या, बाकीच्या कापायच्या. ते कापलेलं पण सरपणच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अकरा एकर एकदम कधीच नाही. जुन्या वनखात्याच्या कामात कूप पाडायचे, म्हणजे रानाचे तुकडे करून दरवर्षी एकच तुकडा तोडायचा. तुमचे बारा तुकडे पाडलेत तर पहिल्या तुकड्याची पाळी परत येईपर्यंत बारा वर्षं झाली. मधे मधे मोठी झाडं बियाण्याला राखायची. बेहड्याला तर हातच लावू नका, धनेश पक्ष्याला ढोलीसाठी असली जुनी थोराड झाडंच लागतात, आणि फळं विकून पैसे मिळतात ते वेगळेच.

जेसीबीबद्दल एकच सांगते. तोड म्हणजे केस कापणं आणि जेसीबी म्हणजे टाळू सोलणं. मुळं उपटली की ते रान परत येत नाही, तुम्ही कितीही वृक्षारोपण करा.

आयटी_हमाल
हे वाचून थोडं गप्प बसलो. पण मग एवढी झाडं लावायच्या मोहिमा होतात त्या कशासाठी?

कोयतेवाले_मामा
फोटोसाठी. 😀 आमच्या वरच्या सड्यावर सामाजिक वनीकरणवाल्यांनी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली होती, खाली गवताची काडी उगवत नाही, गुरं तिकडे फिरकत नाहीत.

देवराईतली
मामा, सरसकट नको. माळावर, पडीक जमिनीवर सरपणासाठी सुबाभूळ, गिरीपुष्प लावणं चुकीचं नव्हतं, उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा प्रचार केला तेव्हा चारा आणि सरपण दोन्हीची खरोखर टंचाई होती. चूक झाली ती जिथे जिवंत मुळं होती तिथेही खड्डे खणले ती.

नैरोबीकर
नमस्कार, मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं नैरोबीत. हा धागा वाचून राहवलं नाही. इथे लाकडापेक्षा कोळशाचा विषय मोठा, कोळशाला म्हणतात मकाआ आणि शेगडीला जिको. शहरात कोपऱ्या-कोपऱ्यावर डब्याच्या मापाने कोळसा विकतात. घरात गॅस असला तरी राजमा शिजवायला कोळसाच, कारण तो तासन् तास शिजतो. काकूचं न्हाणीचं पाणी तसंच झालं हे.

कोळशाची गोम अशी की तो वजनाला हलका, धूर कमी, म्हणून शहरात परवडतो, पण मातीखाली लाकूड दाबून साध्या पद्धतीने कोळसा पाडला तर एक किलो कोळशामागे पाच ते दहा किलो लाकूड जातं. कोळशात किलोमागे वाळक्या लाकडाच्या साधारण दुप्पट उष्णता असते, आता गुणाकार करा, निम्म्याहून जास्त उष्णता रानातच उडून गेली. म्हणून गावात वाळकं लाकूड थेट जाळणं त्या मानाने बरं. १९८० च्या दशकात इथे आतून भाजक्या मातीचं अस्तर असलेली पत्र्याची शेगडी आली, थायलंडच्या बादलीसारख्या शेगडीवरून घेतलेली, ती खपली कारण गल्लीतल्या पत्र्याच्या कारागिरांनीच बनवली आणि विकली. फुकट वाटली असती तर कोंबड्यांना पाणी पाजायला वापरली असती.

आणि बंदीचं म्हणाल तर २०१८ च्या फेब्रुवारीत इथे सरकारी जंगलात तोडबंदी आली. कोळसा बंद झाला का? महाग झाला, आणि लपूनछपून यायला लागला. बास.

आयटी_हमाल
घेतो, बंदीचा मुद्दा मागे घेतो. पण "मुळं जिवंत आहेत" हे कोकणात ठीक, इथे पाऊस धो धो. कोरड्या भागात कोण करणार हे?

नैरोबीकर
नायजर. नायजेरिया नाही हं, त्याच्या वरचा वाळवंटाला लागून असलेला देश. हे मी तिथे जाऊन बघितलेलं नाही, पण इथे या कामातल्या लोकांच्या तोंडी सारखं असतं. टोनी रिनाउडो म्हणून ऑस्ट्रेलियन माणूस मराडी भागात झाडं लावायचं काम करत होता, रोपं लावायची, ती मरायची, परत लावायची, परत मरायची. १९८३ ला एकदा वाळूत गाडी चालावी म्हणून टायरची हवा कमी करायला उतरला आणि शेतातलं एक खुरटं झुडूप जवळून बघितलं, तर ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाचा फुटवा होता. शेतकरी दरवर्षी पेरणीच्या आधी तो साफ करायचे, बाजरी लावायचे, तो परत फुटायचा. म्हणजे शेताच्या खाली अख्खं जंगल पडून होतं आणि हा वर रोपं आणत होता!

मग शेतकऱ्यांना एवढंच सांगितलं की प्रत्येक बुंध्यावर काही फुटवे राखा, बाजूचे छाटा, छाटलेलं जाळा नाहीतर विका. पहिल्यांदा लोक हसले. १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या बदल्यात काम म्हणून पुष्कळांनी राखले, दुष्काळ सरला तशी बऱ्याच जणांनी परत तोडलेही. पण ज्यांनी ठेवले त्यांच्या शेतात वाऱ्याने बाजरी झोडपली जाईना, घरी सरपण मिळायला लागलं, आणि शेजाऱ्याचं बघून शेजारी करत गेला. आज साधारण ५० लाख हेक्टर शेतांत अशी झाडं परत आली आहेत, उपग्रहाच्या चित्रांत दिसतात. टोनीला २०१८ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

यातली खरी मेख वेगळीच आहे. तिथे फ्रेंच अमलापासून कायदा असा होता की झाड सरकारचं. मग शेतकरी कशाला राखेल? स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तर दंड. नव्वदच्या दशकात ते सैल झालं, आणि १९९२ ला तिथे असा कायदा केला की गावांनी आपलं रान ठरवून घ्यायचं, किती तोडायचं ते ठरवायचं आणि गावच्या लाकूडबाजारातूनच विकायचं, करातला वाटा गावाला. ते सगळीकडे नीट चाललं असं नाही. पण लाकूड विकणारा चोर न राहता मालक झाला, एवढा फरक पडला.

झाडीपट्टी
नैरोबीकरभाऊ, तुमची ती मेख वाचून आमचं गडचिरोली आठवलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे त्या गावाचंच. हक्काचा कागद मिळूनही बांबू विकायला वाहतूक परवाना देईनात, शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि ग्रामसभेला पास दिला. बांबू गवत आहे की झाड यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली जी, २०१७ मध्ये कुठं कायद्यातली झाडाची व्याख्या बदलली.

आमच्याकडे सरपणाचा नियम ग्रामसभा ठरवते. ओलं तोडायचं नाही, वाळलेलं न्यायचं, आणि मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावली तर दंड, तो दंड घेणारे शेजारीच, त्यामुळे चुकवता येत नाही. पण एक सांगू का, सड्यावरची ताई, तुमचा डोंगर मालकीचा. तिथे ग्रामसभा नाही, आठ हिस्सेदार आहेत. ते जास्त अवघड दिसते मला.

सड्यावरची
अगदी बरोबर ओळखलंत. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल अगदी थोडं, बाकी सगळं असंच मालकीचं, भावकीचं. जंगल वाचवायचं म्हणजे आधी भावकी एका पंगतीला बसवायची.

गुरुजी_रायगड
सगळे झाडाबद्दल बोलताय, तोडणाऱ्याबद्दल पण बोला. माझी शाळा कातकरी वाडीजवळ होती. दिवाळी झाली की वर्गातली अर्धी पोरं गायब, कारण आईबाप कोळशाच्या भट्टीवर. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, आजारपणाला, लग्नाला, ती फेडायला अख्खं कुटुंब जायचं, कधी घाटावर, कधी पार कर्नाटकात. पोत्यामागे मजुरी, हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि होळीला परत येतात तेव्हा वहीत अजून बाकी निघतेच. भट्टी रात्रभर राखावी लागते, कुठे भगदाड पडलं की हवा शिरते आणि कोळशाची राख होते, म्हणून लहान पोरं पण जागी. एका मुलाने मला निबंधात "माझा आवडता ऋतू" म्हणून पावसाळा लिहिला होता, कारण तेव्हा भट्टी लागत नाही.

तेव्हा "टिकाऊ लाकूड" वगैरे म्हणताना त्यात या माणसांची मजुरी कुठे बसते ते आधी सांगा.

कोयतेवाले_मामा
गुरुजी, मी लाकडाचा मुकादम होतो, कोळशाचा नव्हे, पण वही माझ्याकडे पण होती. यावर जास्त बोलत नाही.

बंबातलं_पाणी
आलो परत, विषयाला धरून. कोणीच चुलीबद्दल बोललं नाही. १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, २००२ च्या सुमारास गुंडाळला. आमच्या घरी पण आली होती एक, सिमेंटची, धुराड्यासकट. आजीचं भाकरीचं खापर त्यावर बसेना, आणि धुराडं साफ करायला कौलावर चढणार कोण? दोन वर्षांत त्यावर तुळशीची कुंडी. जुन्या चुलीला वैल असतो, पुढे भाकरी आणि वैलावर आमटी, एका जाळात दोन कामं, ते त्या चूल बनवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

पण फुकटातला उपाय सांगतो. लाकूड फोडून, पावसाआधी पडवीत रचून, वर्षभर वाळवून वापरा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचंच, थोडा जाळ ते पाणी उकळण्यातच वाया जातो आणि बाकीच्याचा धूर आजीच्या डोळ्यात.

डॉक्टर_घाटावरची
डोळ्यातच नाही, फुप्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० मध्ये घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीचं कौतुक करा पण स्वयंपाक गॅसवर आणि चूल बाहेर अंगणात पाण्यापुरती, एवढं तरी काकूंना सांगा. धुराच्या वासाच्या आठवणी काढतात ते बहुधा फुंकणी न धरलेले पुरुष असतात 🙏

बंबातलं_पाणी
मार खाल्ला. मान्य.

परवानगीचा_कागद
कायद्याचं थोडक्यात. मालकीची जमीन असली तरी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खैर, साग वगैरे आहेत, विनापरवाना तोडलं तर खातेदारही अडचणीत येतो. "सगळं मी बघतो" म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सह्या देऊ नका. शिवाय जमिनीला खाजगी वन म्हणून शेरा आहे का ते सातबाऱ्यावर बघा, १९७५ च्या कायद्याखाली तसा असेल तर प्रकरण वेगळं.

सड्यावरची
धागा वर काढतेय, चार महिने झाले. जे झालं ते लिहिते, सगळं आदर्श वगैरे नाही.

ठेकेदाराला नाही सांगितलं, तो शेजारच्या डोंगरावर गेला. तिथे एप्रिलभर कटर वाजत होता आणि नंतर जेसीबी. चुलतभाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. त्याला घराच्या खालचा उतार काजूला दिला, तिथे तसंही वणव्याने काही राहिलं नव्हतं. काकांना देवराईतली ताईंची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, तर म्हणाले यात नवीन काय, माझा बाप असंच करायचा, मधे पैशाची नड आली म्हणून सोडलं. मग स्वतःच दोरी घेऊन निघाले, बारा नाही पण नऊ तुकडे पाडले, कारण सड्याकडच्या भागात तोडण्यासारखं काही नाहीच. हिस्सेदारांपैकी पाच जणांच्या सह्या झाल्या, परवानगीचा अर्ज अजून तिकडेच पडलाय, त्यामुळे खरी तोड पुढच्या वर्षी. यंदा फक्त वाळकं काढलं, आणि जुन्या तोडीच्या बुंध्यांवरचा किडकिडीत फुटवा विरळ करायचा म्हणून एका कोपऱ्यात वीस-पंचवीस बुंधे घेतले. मामा, तुमची आठवण आली. त्याच्या मोळ्या काकूच्या पडवीत रचल्यात, ती म्हणाली आता पावसाळाभर बघायला नको. स्वयंपाक गॅसवरच करते, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं तिला, तर म्हणाली त्यांना सांग सिलेंडर लवकर पाठवा.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून नाहीये माझ्याकडे. कामाला वाडीतलीच तिघं होती, रोजाने, उचल नाही, एवढंच करता आलं.

कोयतेवाले_मामा
शेळ्या?

सड्यावरची
तीच अडचण आहे मामा. पाऊस पडल्यावर चौदा बुंधे छान फुटले, आणि गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या शेळ्यांनी सहा साफ केले. काटेरी कुंपण घालायचं म्हणतेय पण शेजारी म्हणतात तुझ्या डोंगरातून त्यांची वाट आहे, पिढ्यानपिढ्या. परवा बैठक आहे. फुटव्याचे फोटो टाकते उद्या, घरात रेंज नाही, सड्यावर जावं लागतं.